बॅटच्या टोकातली लाल माती

कास्मिर तुस्कानोच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर तीन गोष्टी टांगलेल्या होत्या. सगळ्यात वर येशूचं पवित्र हृदय, त्याखाली पोपसाहेबांचा छापील आशीर्वाद आणि त्याखाली बेसबॉलची बॅट. आलेला पाहुणा वरच्या दोघांपुढे क्रूस करायचा आणि तिसरीबद्दल विचारायचा. मग कास्मिर घसा खाकरायचा आणि ज्युडिथ चहा टाकायला उठायची, कारण गोष्ट चहा उकळण्याच्या आत कधीच संपली नव्हती.

गोष्ट अशी. त्र्याण्णव साली टोरोंटोने फायनल जिंकली त्या रात्री कास्मिर स्टेडियमवर सिक्युरिटीच्या ड्युटीला होता. लोक मैदानात घुसले. त्या रेटारेटीत एक खेळाडू पडता पडता कास्मिरने सावरला. खेळाडूने हातातली बॅट त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "यू आर अ गुड मॅन." खेळाडू कोणता, हे वर्षागणिक बदलत गेलं. गुड मॅन मात्र तोच राहिला. गोष्टीच्या शेवटी कास्मिर स्वयंपाकघराकडे मान वळवायचा आणि ज्युडिथ तिथून म्हणायची, "हो ना. घरी येऊन मला उठवून दाखवली."

एवढंच तिचं वाक्य. नाटकात पाण्याचा तांब्या आणून ठेवणाऱ्या नोकराला असतं तेवढं. पण त्या वाक्याशिवाय पडदा पडत नव्हता.

सगळं खोटं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. कास्मिरने स्टेडियम आतून पाहिलंसुद्धा नव्हतं. तो एअरपोर्टजवळच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. बॅट त्याला नव्याण्णव साली मिळाली ती फुटपाथवर, कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी, कुणीतरी टाकलेल्या लॅम्पशेडच्या आत उभी करून ठेवलेली. शिफ्टवरून येताना त्याने दोन्ही उचललं. त्यात लाज कसली? या घरातला पहिला सोफा, पहिलं टेबल, डीनची पहिली सायकल, सगळं फुटपाथवरून आलेलं. डीन आज लोकांना सांगतो की आमच्या घरी व्हिंटेज फर्निचर होतं.

ज्युडिथने बॅट पाहिली आणि तिला वेगळंच दिसलं. वर मूठ बारीक, खाली जाडजूड, वजनाला नेमकी. ती म्हणाली, "अरे, हे तर मुसळ!"

मे महिना लागला की वसईकर बाईचं डोकं मसाल्यात असतं. मिरच्या, धणे, हळद, तीळ, दगडफूल, तिरफळ, सगळं वाळवायचं, भाजायचं, लाकडी उखळात कुटायचं आणि बियरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरायचं. म्हणून तो बॉटल मसाला. ज्युडिथ लग्न करून कॅनडाला निघाली तेव्हा घरातलं मुसळ तिने सासूकडे मागितलं होतं. सासूने ते वसईतल्या दुसऱ्या सुनेला दिलं आणि ज्युडिथला म्हणाली, "तुला कशाला? तिकडे मिक्सर असतात." मिक्सरमध्ये मसाला तापतो, करपतो, काळा पडतो, हे सासूला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं.

पुढे कास्मिरने सिटीवाल्यांनी तोडलेल्या मेपलचा ओंडका आणून कोरून उखळ करून दिलं. मुसळाची जागा रिकामी होती, ती बॅटने भरली. त्या वर्षीपासून दर मे महिन्यात बॅट भिंतीवरून उतरायची, गराजमध्ये मसाला कुटायची, धुऊन पुसून खोबरेल तेल लावून परत भिंतीवर चढायची आणि उरलेलं वर्ष फायनल जिंकायची. हे फक्त नवराबायकोला ठाऊक. तिने त्याची गोष्ट सांभाळली, त्याने तिचं मुसळ सांभाळलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढा स्वच्छ करार दुसरा झाला नव्हता.

तो करार कास्मिरने आज सकाळी मोडला. तेही आपल्या पंच्याहत्तराव्या वाढदिवशी, नवीन टाय बांधता बांधता.

त्याला कारण डीन. तुस्कानोंचा थोरला, रिअल इस्टेट एजंट. मिसिसागातल्या बस स्टॉपच्या बाकांवर त्याचा फोटो असतो: खांद्यावर हीच बॅट, तोंडात मावणार नाहीत इतके दात आणि खाली, युअर होम, माय होम रन. त्या फोटोला लोक टेकतात, कबुतरं घाण करतात, हिवाळ्यात अर्ध्या तोंडापर्यंत बर्फ चढतं, पण दात काही मिटत नाहीत. येत्या शनिवारी डीनच्या नव्या ऑफिसचं ओपनिंग होतं. आत शिरताच काचेची पेटी, पेटीत दिवा, दिव्याखाली बॅट, आणि शेजारी सर्टिफिकेट, की ही बॅट खरोखर सामन्यात खेळलेली आहे. पेटी आली, दिवा लागला. सर्टिफिकेट देणारा माणूस आज जेवायला येणार होता.

"शनिवारी? शनिवारी मसाला आहे," ज्युडिथ म्हणाली. मिरच्या बेसमेंटमध्ये वाळून कुरकुरीत झाल्या होत्या.

कास्मिरने आरशातूनच सांगितलं, "मग मिक्सर वापर की. काय फरक पडतो?"

ज्युडिथ इंदेलचं पातेलं ढवळायला गेली. डुकराचं मटण रटरटत होतं आणि तीही.

*

स्वानंद खांबेटे दारात उभे राहिले ते हातात अॅल्युमिनियमची पेटी घेऊन. कनाटा नावाच्या गावातल्या एका टेलिकॉम कंपनीतून रिटायर झालेले, मुलीकडे मिसिसागाला आलेले, आणि जुनं क्रीडासाहित्य तपासण्याचा नाद लागलेला. डीनला ते इंटरनेटवर सापडले. मराठी माणूस आहे, घरचाच आहे, आडवा येणार नाही, असा त्याचा हिशेब.

"वा!" ज्युडिथने 'या' म्हटल्याबरोबर खांबेटे म्हणाले. "तुम्ही मराठी किती छान बोलता!"

"तुम्हीपण," ज्युडिथ म्हणाली.

"नाही, म्हणजे... ख्रिश्चन असूनसुद्धा..."

"बूट तिकडे काढा."

मागे सोफ्यावर अँजेला खुसखुसली. अँजेला धाकटी, हॉस्पिटलात नर्स, दोन ड्युट्यांच्या मधल्या सुट्टीत बापाचा वाढदिवस करायला आलेली. तिने कास्मिरच्या छातीवर तिरका सोनेरी पट्टा चढवला होता, त्यावर मोठ्ठे पंच्याहत्तर. शेजारी इनास बसला होता, कास्मिरचा धाकटा भाऊ. एअरपोर्टवर बॅगा उतरवण्यात हयात गेली, पण बोलायचा असा की विमानं त्याला विचारून उतरत होती.

या इनासमुळेच तर फायनल झाली होती. नव्याण्णवच्याच मे महिन्यात अँजेलाचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन होतं. घर भरलेलं. इनासने खिशातून फोटो काढला: तो स्वतः आणि टोरोंटोचा एक मोठा खेळाडू, एकमेकांच्या खांद्यावर हात. "टर्मिनलवर भेटला. म्हणाला, इनास, फोटो तर काढूच." बायका आ वासून बघत राहिल्या, पुरुषांनी फोटो हातोहात फिरवला. कुणीतरी कास्मिरला विचारलं, "आणि तुझं काय रे? अजून फोर्कलिफ्टच?" कास्मिर उठला, गराजमध्ये गेला, आणि मसाल्याची धुऊन वाळत ठेवलेली बॅट घेऊन आला. गोष्ट त्याने उभ्याउभ्या रचली. ज्युडिथ कढईपाशी फुगिया तळत होती. तिने बॅटकडे पाहिलं, इनासच्या फोटोकडे पाहिलं, झारा निथळवला, आणि तिचं ते वाक्य तिथे पहिल्यांदा बोलली.

आज जेवणं झाली. फुगियांची परात रिकामी झाली. खांबेटे आधी म्हणाले, मी घेतो नॉनव्हेज, पण बाहेर, घरी नाही. मग म्हणाले, हेही बाहेरच म्हणायचं. मग इंदेल दोनदा वाढून घेतलं, रुमालाने कपाळ पुसलं आणि विचारलं, "हा मसाला काही वेगळाच आहे हो?"

"घरचा आहे," ज्युडिथ म्हणाली.

"मम्मीचा मसाला, यू नो, इट्स कुकिंग," डीन म्हणाला. "शॅल वी डू द बॅट?"

*

डायनिंग टेबलवर पांढरा मेजपोस घातला होता आणि त्यावर बॅट, वेदीवर ठेवावी तशी. खांबेट्यांनी सुती हातमोजे चढवले. भिंग काढलं, छोटा दिवा काढला, मऊ ब्रश काढला. या माणसाच्या हाती बॅट द्यायची की पोस्टमॉर्टमला मढं, असा प्रश्न पडावा.

"आधी इतिहास. मिस्टर तुस्कानो, तुमच्या शब्दांत सांगा."

कास्मिरने पट्टा सारखा केला, घसा खाकरला आणि सांगितली. आज फारच रंगली. गर्दी वाढली, खेळाडू जवळजवळ चेंगरलाच, गुड मॅन दोनदा झालं. डीन मोबाइलवर शूटिंग करत होता. शेवटी कास्मिरने सवयीने मान वळवली.

ज्युडिथ ताटं गोळा करत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. या घरात तिच्याकडे असं वाट बघत फक्त या गोष्टीच्या शेवटी पाहिलं जायचं. एरवी नजरा तिच्या पलीकडे पाण्याच्या ग्लासवर असायच्या. मिक्सर वापर की. काय फरक पडतो?

ती ताटं घेऊन आत गेली आणि तिने नळ सोडला.

टेबलाशी क्षणभर कुणालाच कळेना काय चुकलं. जेवण झाल्यावर तोंडावर पाणी मारायचं राहून जावं, तसं काहीतरी राहिलं होतं. इनासला मात्र कळलं. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"ओके, पण मेन गोष्ट ही बघा," डीन घाईने म्हणाला. त्याने बॅटचं जाड टोक दिव्याखाली धरलं. टोकाला वाटीसारखा खळगा होता आणि खळग्यात, लाकडाच्या रेषारेषांत, तांबडं काहीतरी घट्ट बसलं होतं. "रेड डर्ट! मैदानावर प्लेयर धावतात ना, तिथली लाल माती. विनिपेगच्या एका एक्स्पर्टला मी फोटो पाठवले होते. गोरा आहे, थर्टी इयर्सचा एक्स्पीरियन्स. तो म्हणाला, क्लासिक."

"फोटोला वास नसतो," खांबेटे म्हणाले. "क्रमाने जाऊ. आधी कंपनीचा शिक्का." लाकडावर भाजून उमटवलेल्या शिक्क्यावर त्यांनी भिंग धरलं. "हा शिक्का या कंपनीने सत्त्याण्णवला बदलला. हा नवीन आहे. सामना कधीचा म्हणालात?"

"त्र्याण्णव," कास्मिर म्हणाला.

"हं."

त्या एका हुंकारात अख्खी सदाशिव पेठ बसली होती.

"मग सत्त्याण्णवचा असेल," कास्मिर म्हणाला. "वय झालं. आठवत नाही."

"सत्त्याण्णवला टोरोंटो फायनलला नव्हतं, कास्मिर," इनास गोड आवाजात म्हणाला. "आपल्यासारखंच घरी बसून टीव्हीवर बघत होतं."

"पुढे," खांबेटे म्हणाले आणि त्यांनी मूठ वर केली. बुडाला काळ्या मार्करने एक नंबर लिहिलेला होता. "खेळाडू आपला नंबर टाकतात, बरोबर. पण ही शाई तेलाच्या थरावर बसली आहे. म्हणजे आधी वर्षानुवर्षं तेल मुरलं, नंतर कुणीतरी नंबर घातला. बॅटला तेल कोण लावतं?"

"मी," आतून आवाज आला. "खोबरेल."

"का?"

"लाकूड तडकू नये म्हणून."

कास्मिर टाय सैल करू लागला. नंबर कुणी घातला हे विचारायची गरज उरली नव्हती. भर दुपारी त्याच्या कपाळावर घाम होता आणि छातीवर सोनेरी पंच्याहत्तर.

"आता चेंडू. बॅटवर चेंडू बसला की शिवणीचे ठसे उमटतात. नखाएवढे, पण उमटतात. इथे एकही नाही. बाजू कोऱ्या." खांबेट्यांचा आवाज आता कनाटाच्या मीटिंग रूममधला झाला होता. "आणि टोक मात्र चेचलंय, झिजून गोल झालंय. बॅट्समन बाजूने मारतो. बॅट उभी धरून कुणी जमिनीवर आपटत नाही. निदान हजारो वेळा तरी नाही."

"बट द डर्ट!" डीन ओरडला. "लाल माती आहे ना!"

खांबेट्यांनी खळग्यात ब्रश फिरवला. तांबडी पूड मेजपोसावर पडली. ते वाकले, नाक जवळ नेलं आणि शिंकले. पुन्हा शिंकले. तिसऱ्यांदा असे शिंकले की चष्मा बॅटवर जाऊन पडला. डोळ्यांतून पाणी गळत असतानाच त्यांनी हातमोजा काढला, पुडीवर बोट टेकवलं आणि जिभेला लावलं.

मग त्यांनी जीभ टाळ्यावर घोळवली.

"दगडफूल," खांबेटे म्हणाले. "तिरफळ. आणि मिरची. हे मी मघाशी दोनदा वाढून घेतलं."

पहिली हसली अँजेला. "ओह माय गॉड. मम्मी! यू डिडंट!"

ज्युडिथ हात पुसत दारात उभी होती. "दर मे महिन्यात," ती म्हणाली. "तुम्ही सगळे बाटल्या नेता ना? डीन तीन नेतो. भावजी, तुम्ही पाच. कशाने कुटलाय हे कधी कुणी विचारलं?"

"तू माझ्या बॅटने मसाला कुटलास?" डीन मराठीत किंचाळला. तो फक्त खरोखर दुखावला की मराठीत यायचा.

"तुझी कधी झाली ती?"

आणि मग इनास उठला. पंचवीस वर्षं हा माणूस या क्षणासाठी बसून होता. "म्हणजे आम्हाला इतकी वर्षं शेंड्या लावल्या! कम्युनियनला, लग्नाला, फादरसमोर, प्रत्येक ख्रिसमसला! गुड मॅन! अरे, कुठला गुड मॅन? कुठलं स्टेडियम? कास्मिर, खरं सांग, आणलीस कुठून ही?"

"पप्पा, आन्सर हिम," डीन म्हणाला. इतका वेळ तो बापाच्या खुर्चीमागे उभा होता. आता टेबलाला वळसा घालून काकाशेजारी जाऊन उभा राहिला. "माझा चेहरा आहे यावर. हंड्रेड बेंचेसवर. व्हेअर डिड यू गेट इट?"

कास्मिरने भिंतीकडे पाहिलं. पवित्र हृदय होतं, पोपसाहेब होते, खाली रिकामा खिळा होता. तिघांपैकी कुणी मदतीला आलं नाही. फुटपाथ हा एक शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडला असता तर बॅटच काय, सोफा, टेबल, सायकल, गोदाम, चाळीस वर्षांचा सगळा कॅनडा त्या मेजपोसावर येऊन पडला असता आणि या दोघांनी तो भिंगाखाली धरला असता.

ज्युडिथ सकाळपासून याच क्षणाची वाट बघत होती. होऊ दे फजिती, कळू दे मिक्सर काय असतो. आता तो समोर खुर्चीत आक्रसून बसला होता, आणि त्याच्यावर तोंड टाकत होता कोण, तर इनास. तिचा राग तसाच राहिला. त्याने फक्त माणूस बदलला.

"भावजी," ती म्हणाली, "तुमचा तो फोटो आणा ना."

"कुठला फोटो?"

"खेळाडूच्या खांद्यावर हात टाकलेला. पाकिटात असतो. साहेब आलेच आहेत, भिंग उघडंच आहे. आजच तपासून घेऊ."

"त्याचा काय संबंध?"

"फोटो मी काढला होता." ज्युडिथने पदर नसताना पदर खोचावा तसा हात कमरेवर मारला. "टर्मिनलवर नाही. मॉलमध्ये, खेळाच्या दुकानाबाहेर. खेळाडू पुठ्ठ्याचा होता. मागे सेलची पाटी होती, ती तुम्ही कात्रीने कापलीत. कापताना पुठ्ठ्याचा कानपण थोडा गेला. फोटोतल्या माणसाला सगळे बघतात, भावजी. काढणारीला कोण बघतो?"

अँजेला सोफ्यावर आडवी झाली होती. "पुठ्ठा!" ती हुंदके दिल्यासारखी म्हणत होती. "अंकल, कार्डबोर्ड!"

इनासने खाली बसून पाणी मागितलं. कुणी दिलं नाही.

"आणि डीन, तू. बाकावर काय लिहिलंयस? मिसिसागाचा नंबर वन. कुणी मोजलं? आहे सर्टिफिकेट? गेल्या वर्षी दोन बेसमेंट भाड्याने दिलेस, ते मला माहीत आहे, कारण पडदे मी शिवले." मग ती खांबेट्यांकडे वळली. "तुमचं काय हो, साहेब? एक्स्पर्ट म्हणजे नक्की काय शिकलात?"

खांबेटे चष्मा पुसत होते. "ऑनलाइन," ते अगदी हळू म्हणाले. "सहा आठवड्यांचा कोर्स. त्यातला शेवटचा आठवडा... ऐच्छिक होता."

बॅट कुठून आली, हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारला नाही. ज्याला त्याला आपापली बॅट आठवली होती.

खांबेटे मात्र त्या घरातले तेवढे एक बरे निघाले. जाताना पेटी बंद करून ते म्हणाले, "निष्कर्ष सांगणं माझं काम आहे. या बॅटने एकही सामना खेळलेला नाही. पण इतकी वापरलेली बॅट मी आजवर पाहिली नाही. सर्टिफिकेट मिळणार नाही." मग दारात बूट घालताना खाली मान घालून, "ताई, एक बाटली मिळेल का?"

आणि डीन? खांबेट्यांची गाडी वळणावर दिसेनाशी होते न होते तोच त्याचे दात परत आले. "मम्मी, वेट. लिसन. हेरिटेज मसाला. पाउंडेड विथ अ बेसबॉल बॅट! हू हॅज दॅट? ओपनिंगला प्रत्येक क्लायंटला एक छोटी बाटली. माझा फोटो लेबलवर..."

ज्युडिथने टेबलावरची बॅट उचलून त्याच्या हातात दिली. "ये की शनिवारी. सकाळी ये. उखळ गराजमध्ये आहे."

"शनिवारी ओपनिंग आहे, मम्मी."

"मग झालं," ज्युडिथ म्हणाली आणि बॅट परत घेतली.

*

शनिवारी ओपनिंग झालं. काचेच्या पेटीत मॉलमधून आणलेली कोरी बॅट ठेवली होती आणि खाली पाटी: इन द स्पिरिट ऑफ नाइन्टी थ्री. फीत इनासने कापली. फोटोही झाले, या वेळी सगळे हाडामांसाचे होते.

कास्मिर गेला नाही. गुडघा दुखतो म्हणाला. आठवडाभर तो घरात पाहुण्यासारखा वावरत होता, दारं हळू लावत होता, चहा मागत नव्हता. गराजमध्ये ज्युडिथने उखळात पहिल्या मिरच्या ओतल्या तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. जुना शर्ट घातलेला, नाकाला रुमाल बांधलेला.

"मिक्सर आणू का?" ज्युडिथने विचारलं. मान वर केली नाही.

त्याने तिच्या हातातली बॅट घेतली आणि उभी धरून उखळात आपटली. पहिलाच घाव कडेला बसला आणि मिरच्या बाहेर उडाल्या.

"मधे," ती म्हणाली. "फायनल जिंकलास, मुसळ धरता येत नाही?"

त्याने मधे मारलं. परत मारलं. ती चाळणी घेऊन खाली बसली. तो कुटायचा, ती चाळायची, भरड परत उखळात टाकायची. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मिरचीचं होतं असं म्हणायला चांगली सोय होती. दुपारपर्यंत त्याच्या दोन्ही तळव्यांना फोड आले. तो हात पँटला पुसत राहिला, पण थांबू का म्हणाला नाही. ज्युडिथने ते पाहिलं. थांब असंही ती म्हणाली नाही. तिच्या हातांचे इतक्या वर्षांचे फोड होते, एका सकाळीत थोडेच फिटणार.

समोरच्या घरात नुकताच विनिपेगहून आलेला विक्रम नावाचा नागपूरकडचा इंजिनियर राहायचा. तो मुलाला स्ट्रोलरमध्ये घालून फुटपाथवरून चालला होता. उघड्या गराजसमोर थबकला, शिंकला, आणि आत बघतच राहिला.

"काका, हे काय? मसाला? बेसबॉलच्या बॅटने?"

कास्मिरने बॅट उखळात टेकवली. पाठ सरळ केली. सवयीने घसा खाकरला, आणि मग एकदम आठवल्यासारखा थांबला. त्याने ज्युडिथकडे पाहिलं. शाळेत बाईंना विचारून बाहेर जाणाऱ्या मुलासारखं.

ज्युडिथ चाळत होती. चाळणीतून तांबडा मसाला परातीत पडत होता, मऊ, एकसारखा, न करपलेला. तिने त्याच्या तळव्यांकडे पाहिलं.

"विचारतोय तो," ती म्हणाली. "सांग की."

"ही बॅट," कास्मिर म्हणाला, आणि दुसऱ्या शब्दाला आवाज भरत गेला, "नाइन्टी थ्रीच्या फायनलची आहे. त्या रात्री मी स्टेडियमवर ड्युटीला होतो..."

गर्दी आली, खेळाडू पडता पडता वाचला, गुड मॅन झाला. विक्रमने स्ट्रोलरला ब्रेक लावला. मुलगा झोपून गेला. मग कास्मिर थांबला आणि त्याने मान वळवली.

"हो ना," ज्युडिथ म्हणाली आणि भरड परत उखळात ओतली. "घरी येऊन मला उठवून दाखवली. आता कूट."